अंगणात आलेली शाळा

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तीन ते सहा वर्षांचे लहान भावंड असेल. सकाळी ते अंगणवाडीत जाते आणि दुपारी घरी येते. "आज काय शिकलास?" असे अम्मी विचारते. "खेळलो," एवढेच ते सांगते. कधी त्याचे हात मातीने माखलेले असतात, तर कधी गालाला रंग लागलेला असतो. मग घरातले कोणीतरी म्हणते, "नुसते खेळायलाच पाठवायचे, तर घरी काय वाईट होते?" हा प्रश्न केव्हातरी तुमच्याही मनात आला असेल. या पाठात आपण त्याचे उत्तर शोधणार आहोत. पाठ लहान मुलांच्या शाळेविषयी आहे, पण तुमच्या शाळेशीही त्याचा जवळचा संबंध आहे. तो कसा, हे पुढे तुमच्या लक्षात येईलच.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊ. शहरात लहान मुलांच्या शाळेला किंडरगार्टन किंवा के. जी. म्हणतात. हा शब्द जर्मन भाषेतला आहे. 'किंडर' म्हणजे मुले आणि 'गार्टन' म्हणजे बाग. जर्मनीतील शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी एक शाळा काढली आणि १८४० साली तिला हे नाव दिले. माळी रोपाला पाणी घालतो, खत देतो, कुंपण करतो. पण रोप लवकर वाढावे म्हणून त्याला कधी ओढत नाही. लहान मुलांनाही असेच वाढू द्यावे, असे फ्रोबेल यांना वाटे. मराठीत आपण 'बालवाडी' म्हणतो. 'बाल' म्हणजे बच्चा. 'वाडी' या शब्दाचा एक अर्थ लहान गाव असा आहे आणि दुसरा अर्थ बाग असा आहे. नारळाची वाडी, केळीची वाडी हे शब्द तुम्ही ऐकले असतील. म्हणजे बालवाडी ही मुलांची बागच झाली. 'अंगणवाडी' शब्दातले अंगण म्हणजे तुमच्या घरच्या बोलीतले 'आंगन'. या अंगणाची एक गोष्ट आहे. ती आपण पाहणारच आहोत.

त्याआधी एका चांगल्या अंगणवाडीत जाऊन बसू या. केज गावात किंवा आसपासच्या कोणत्याही खेड्यात ती असू शकेल. एक खोली, तिच्यात अंथरलेली सतरंजी, भिंतीवर काही चित्रे आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. मुले एकेक करून येतात. कोणी हसत येते, कोणी आईचा पदर सोडत नाही. अंगणवाडीच्या ताई मुलांचे हात पाहतात, नखे पाहतात. मग सगळी मुले गोल करून बसतात. एखादे बडबडगीत होते. हातवारे होतात, टाळ्या वाजतात. रडणारे मूलही हळूच टाळी वाजवू लागते. त्यानंतर मुले छोट्या छोट्या गटांत विभागली जातात. एका गटापुढे बियांचे ताट असते, दुसऱ्या गटापुढे मातीचा गोळा, तिसऱ्यापुढे कागद आणि रंग. चौथा गट भातुकली मांडतो. मधेच मदतनीस ताई खाऊ घेऊन येतात. शेवटी गोष्ट होते आणि मुले घरी जातात.

आता तुम्ही म्हणाल, यात शिक्षण कोठे आहे? चला, एकेका गटाजवळ जाऊन पाहू.

बियांच्या ताटात तूर, हरभरा, मूग, चिंचोके आणि सीताफळाच्या बिया एकत्र केलेल्या आहेत. आपल्या बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात सीताफळे भरपूर होतात, त्यामुळे या बियांना काही तोटा नाही. मुलांनी एकेक बी उचलून वेगवेगळ्या वाटीत टाकायचे आहे. हे काम आपल्याला फार सोपे वाटते. पण तीन वर्षांचे मूल पेन्सिल कशी धरते ते कधी पाहिले आहे काय? ते ती मुठीत धरते. अंगठा आणि पुढची दोन बोटे यांनी वस्तू अलगद धरणे त्याला अजून नीट जमत नाही. मुगाचा दाणा उचलताना हीच तीन बोटे कामाला लागतात. रोजच्या खेळाने त्यांच्यात बळ येते, नेम येतो. पुढे याच बोटांनी ते 'अलिफ' काढणार आहे आणि 'अ'ही काढणार आहे. शिवाय हा दाणा मोठा, हा लहान, हा गुळगुळीत, हा खडबडीत, हे सारखे आणि हे निराळे, असा विचार त्याचे मन करीत असते. गणिताची सुरुवात येथेच होते.

दुसऱ्या गटाजवळ काळ्या मातीचा ओला गोळा आहे. एका मुलाने त्याची भाकरी केली. दुसऱ्याने बैल केला, पण बैलाचे पाय त्याच्या वजनाने वाकले. मुलाने पाय जाड केले. बैल उभा राहिला. कोणीही सांगितले नसताना त्याला एक गोष्ट कळली, की जड वस्तू उभी राहायची तर तिचा आधार भक्कम हवा. प्रयत्न करणे, चुकणे आणि पुन्हा करून पाहणे हे तो मातीकडून शिकला. माती त्याच्यावर रागावली नाही, म्हणून तो घाबरलाही नाही.

तिसऱ्या गटात चित्रे चालली आहेत. रंग विकतच आणले पाहिजेत असे नाही. कोळशाचा काळा, विटेच्या भुकटीचा तांबूस, गेरूचा लालसर, पालकाच्या रसाचा हिरवा आणि हळदीचा पिवळा रंग होतो. ओल्या हळदीत पानाला लावतात तो चुना थोडा मिसळला, की पिवळा रंग लाल होतो. पण चुन्याने डोळ्यांना आणि त्वचेला इजा होते, म्हणून हे काम ताईच करतात. मुले पाहतात आणि थक्क होतात. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली आणि कागदावर उमटवली, तर सुंदर फूल तयार होते.

लहान मूल प्रथम नुसत्या रेघोट्या ओढते. मग त्याला गोल काढता येतो. मग त्या गोलाला डोळे फुटतात आणि एक दिवस त्या गोलालाच दोन पाय लागतात. पोट नाही, हात नाहीत, डोक्यापासून थेट पाय! तुम्हाला हसू येईल. पण मित्रांनो, जगभरातली मुले माणसाचे चित्र याच क्रमाने काढू लागतात. अशा चित्राला हसू नये आणि ते आपण पुसून नीटही करून देऊ नये. "सांग बरे, हे कोण आहे?" असे विचारावे. मग ते मूल अब्बांची, बकरीची, पावसाची मोठी कहाणी सांगेल. चित्र काढता काढता त्याची भाषा वाढेल.

चौथ्या गटातली भातुकली तर बोलण्याचीच शाळा आहे. एक मुलगी आई झाली आहे, एक मुलगा दुकानदार झाला आहे. "साखर कशी दिली?" "पैसे उद्या देते." मोठ्यांचे शब्द ती वापरून पाहतात. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, वस्तू वाटून घेणे, रुसलेल्याची समजूत काढणे हेही तेथे घडते. पुस्तक वाचून हे गुण येत नाहीत. ते चार मुलांत खेळूनच येतात.

म्हणजे अंगणवाडीतला खेळ हा अभ्यासच आहे. फक्त त्याला पाटी आणि छडी लागत नाही. हा विचार आज आपल्याला सोपा वाटतो. पण तो आपल्यापर्यंत पोचवण्यासाठी काही माणसांनी आपले सारे आयुष्य खर्च केले.

इटलीमध्ये मारिया माँटेसरी नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील एका गरीब वस्तीत मुलांसाठी 'बालगृह' सुरू केले. मूल हातांनी आणि इंद्रियांनी शिकते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी खास साधने बनवली. दहा लाकडी ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा हे त्यांपैकीच एक साधन. त्यातला सर्वांत लहान ठोकळा एक सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा असतो. गुजरातमध्ये गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. आपल्या मुलाला कसे वाढवावे याचा विचार करता करता ते माँटेसरींच्या ग्रंथांकडे वळले. पुढे त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. मुले त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत. लोक त्यांना प्रेमाने 'मिशीवाली आई' म्हणत.

गिजुभाईंच्या कामात एक मराठी विदुषी सामील झाल्या. त्यांचे नाव ताराबाई मोडक. त्यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी बालशिक्षणाचे काम महाराष्ट्रात आणले आणि १९३६ साली मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. पण त्यांच्या मनाला एक प्रश्न टोचत होता. माँटेसरींची साधने महाग आहेत. शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांना ती मिळतील. खेड्यातल्या गरीब मुलांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांना अनुताई वाघ यांची साथ मिळाली. अनुताईंचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि अवघ्या सहा महिन्यांत त्यांना वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य घराच्या कोपऱ्यातच संपत असे. पण अनुताई शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी दिली.

बोर्डीत या दोघींनी आजूबाजूला पाहिले. समुद्रकाठी शिंपले होते. झाडाखाली पाने, फुले आणि बिया होत्या. वाळू होती, खडे होते, माती होती. लहानमोठे ओळखायला लाकडी ठोकळेच कशाला हवेत? शिंपलेही लहानमोठे असतात. मोजायला खडे चालतात, रंग ओळखायला फुले चालतात. पैसे खर्च न करता बालवाडी चालू शकते, हे त्यांनी सिद्ध केले.

मात्र मोठी अडचण पुढेच होती. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात. कोणाचे घर दूर, कोणाच्या अंगावर कपडे नाहीत, कोणाचे आईबाप पहाटेच कामावर गेलेले. तेव्हा ताराबाईंनी ठरवले, की मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच मुलाकडे जावे. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखादे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुवायचे आणि तेथेच गाणी, खेळ, गोष्टी सुरू करायच्या. या बालवाडीला नाव मिळाले अंगणवाडी!

१९५७ च्या सुमारास हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे आदिवासी वारली लोकांची वस्ती होती. तेथे अनुताईंना आणखी एक गोष्ट दिसली. मित्रांनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. आठनऊ वर्षांच्या मुली प्राथमिक शाळेत येत नव्हत्या. त्यांना शाळा आवडत नव्हती असे नाही. आईबाप मजुरीला गेले, की धाकटी भावंडे त्यांच्या कडेवर असत. भावंड सांभाळायचे की शाळेत जायचे? मग कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकांना जोडण्यात आली. तिचे नाव 'विकासवाडी'. तान्हे बाळ पाळणाघरात, तीन वर्षांचा भाऊ बालवाडीत आणि बहीण आपल्या वर्गात. धाकट्याला बालवाडी मिळाली, तेव्हा थोरलीच्या हातात पाटी आली. जी मुले दिवसभर गुरे राखीत, त्यांच्यासाठी तर कुरणातच शाळा भरू लागली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री हा किताब मिळाला. ताराबाई १९७३ साली आणि अनुताई १९९२ साली आपल्यातून गेल्या.

उर्दू शिक्षणाच्या जगातही अशी एक आपाजान होऊन गेली. तिचे नाव गेर्डा फिलिप्सबोर्न. ती जर्मनीतल्या बर्लिन शहराची ज्यू स्त्री. तेथे शिकत असताना डॉ. झाकीर हुसेन यांची आणि तिची ओळख झाली. पुढे ती भारतात आली आणि दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये लहान मुलांना शिकवू लागली. मुले तिला 'आपाजान' म्हणत. १९४३ साली ती वारली. जामियाच्या कब्रस्तानातच तिची कबर आहे. डॉ. झाकीर हुसेन पुढे आपल्या देशाचे राष्ट्रपती झाले. पण 'अब्बू खाँ की बकरी'सारख्या मुलांच्या गोष्टी लिहिण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांनाही 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. मुलांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळेआधीचे शिक्षण तेथे मिळते. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ या वयाला शिक्षणाचा पाया मानले आहे.

आता आपल्या केज तालुक्याकडे वळू. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात काय घडते, हे तुम्ही दरवर्षी पाहता. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊस तोडायला निघतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, अंथरूण, शेळी आणि त्या सामानावर बसलेली लहान मुले असतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांच्या आसपास त्यांच्या कोप्या पडतात. नवराबायकोचा मिळून एक 'कोयता' धरला जातो. दोघेही पहाटे फडात जातात. मग धाकट्या बाळाजवळ कोण राहते? बहुधा दहाबारा वर्षांची बहीणच. येथे गावातल्या अंगणवाडीत धाकट्याचे नाव असते, पण तो नसतो. शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव असते, पण तीही नसते. एकाच कोपीत दोन शाळा बुडतात.

मोठ्या मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालतात. काही कारखान्यांजवळ साखरशाळाही भरल्या आहेत. हे प्रयत्न चांगले आहेत. पण तीनचार वर्षांचे मूल आईला सोडून वसतिगृहात राहू शकत नाही. ते आईबरोबरच जाणार. मग ताराबाईंनी बोर्डीत सांगितलेली गोष्टच पुन्हा आठवावी लागते. मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे. ज्या मुलाचे अंगणच सहा महिने परगावी जाते, त्याच्यामागे अंगणवाडीने तेथवर गेले पाहिजे. कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतही एक सतरंजी अंथरता येते. तेथे उसाची चिपाडे असतात, माती असते, खडे असतात आणि मुले तर असतातच.

तुमच्या मनात येईल, आम्ही विद्यार्थी काय करणार? पुष्कळ काही करू शकता. शेजारचे कुटुंब ऊसतोडीला निघाले असेल, तर त्यांना सांगा, की जेथे जाल तेथल्या गावात अंगणवाडी असेल. तिच्या ताईंना भेटून मुलाचे नाव सांगा. लसीकरणाचे कार्ड बरोबर न्यायला विसरू नका, असेही सांगा. वाचता येणाऱ्या शेजाऱ्याचा एक शब्दही अशा वेळी उपयोगी पडतो.

दुसरे एक काम तर तुमच्याशिवाय कोणी करूच शकणार नाही. आपल्या घरातले मूल उर्दू किंवा दखनी बोलते. अंगणवाडीत मात्र बहुतेक वेळा मराठी बोलली जाते. पहिल्या दिवशी ते मूल गप्प बसते, आणि लोकांना वाटते, त्याला काही येत नाही. त्याला सारे येत असते, फक्त ते दुसऱ्या भाषेत येत असते. तुम्हाला दोन्ही भाषा येतात. घरी खेळताना त्याला सांगा, हा 'परिंदा', यालाच मराठीत 'पक्षी' म्हणतात. हा 'फूल', मराठीत 'ते फूल'. ही 'मिट्टी', मराठीत 'माती'. आठवड्यात एखादे दिवस त्याला न्यायला जाल, तेव्हा ते काय म्हणते हे ताईंनाही सांगा. तुम्ही मधला पूल व्हा.

आणि उद्या तुमचे धाकटे भावंड मातीने भरलेले हात घेऊन घरी आले, की त्याला रागावण्याआधी त्याच्याजवळ बसा. "आज काय बनवलेस?" असे विचारा. घरात जुने कागद असतील तर ते त्याला फाडू द्या, गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवू द्या. मूठभर मूग आणि तूर एकत्र करून त्याच्यापुढे ठेवा. मात्र ते दाणे नाकात किंवा तोंडात घालणार नाही, याकडे लक्ष ठेवा. अर्धा तास पुरे आहे.

वर्गात तुमच्या शेजारची एखादी मैत्रीण चार दिवस आली नाही, तर तिच्या घरी जाऊन या. तिच्या कडेवर कदाचित एक बाळ असेल. त्याचे वय तीन वर्षे झाले असेल, तर तिच्या अम्मीला अंगणवाडीचा रस्ता सांगा आणि पहिल्या दिवशी बाळाला सोडायला तिच्याबरोबर तुम्हीही जा. बाळ रडेल, मग टाळी वाजवेल. तुमची मैत्रीण तेथून सरळ तुमच्याबरोबर वर्गात येईल.